घमेल्यातला आहेर

माझ्या विहीणबाईंनी उभ्या आयुष्यात एकही रुपया भांडल्याशिवाय खर्च केला नाही. हे वाचून कुणाला वाटेल, बाई चिकट असणार. मुळीच नाही. चिकट माणूस पैसा हातातून सुटू नये म्हणून भांडतो; ह्या बाई तो कुणाच्या हातात पडतोय हे कळावं म्हणून भांडत. सोनाराशी, भटजीशी, सख्ख्या दिराशी, आणि समोर कुणीच नसलं तर स्वतःशी. त्यांच्या कनवटीची नोटसुद्धा बाहेर येताना जरा दचकत असेल, आता आपली उलटतपासणी होणार म्हणून. अंजूरहून भिवंडीला त्या शेअर रिक्षानं येत. तिघांच्या जागेत चौघं कोंबायची आमच्याकडची रीत, आणि विहीणबाई देहानं चांगल्या भरघोस. बसल्या बसल्या त्या ड्रायव्हरला बजावत, "माजं बूड दीड मान्साचं हाय. दीड मान्साचं पैसं घे, आन् चवथा मानूस घेऊ नको." ड्रायव्हर बिचारा उत्तरेकडचा. तो म्हणायचा, "अरे मौसी, एक सवारी का एक ही भाडा होता है." "मंग थांबव गारी, मी उतरते!" जास्त पैसे देण्यासाठी रिक्षा अडवून धरणारी बाई त्या बापड्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. पण तोच ड्रायव्हर पावसात भाडं वाढवून मागू लागला, की ह्याच बाई पदर खोचून विचारत, "पाऊस तुज्या घरून येतो काय?"

खाडीवरची कोलंबी टोपलीत घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायकांशी त्या कधी घासाघीस करत नसत. त्या म्हणत, "तिच्या पायाला चिखल हाय, म्हंजे भाव बरोबर हाय." सोनाराच्या दुकानात मात्र पायाला चिखल सापडायचा नाही, आणि तिथं त्यांचा तोल जायचा. एकदा मी सोबत होते. सोनारानं अदबीनं दोन थंड बाटल्या पुढं ठेवल्या. मी लगेच उचलली. फुकटचं थंड पेय हे मला तेव्हा प्रतिष्ठेचं लक्षण वाटत असे. विहीणबाईंनी बाटलीला बोटही लावलं नाही. "ही घडनावलीत धरली काय?" त्यांनी विचारलं. सोनार हसला, "नाही हो मावशी, आपल्याकडून आहे." "आपल्याकडून म्हंजे कोनाकडून? कारागीर पल्याड अंधारात बसलाय, त्याला दिली काय?" सोनार गोरामोरा झाला. शेवटी आत बाटली गेली, कारागिरानं ती घेतली, मगच बाईंनी मंगळसूत्राच्या वाट्यांकडं नजर टाकली. तोवर माझी बाटली रिकामी झाली होती आणि ती कुठं लपवावी हे मला सुचत नव्हतं.

गावच्या देवळाला नवा कळस चढला तेव्हा देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरायची ठरली. ज्यांची शेतं गोदामांना गेली होती त्यांच्यात त्या दगडावर वरची जागा पटकावण्याची जणू शर्यत लागली. पंच विहीणबाईंकडं आले. त्यांनी पंचांना चहा दिला आणि पैसा दिला नाही. उलट देवळाच्या पायऱ्या झाडणाऱ्या बाईचा पगार आपल्याकडून चालू केला. पंच म्हणाले, "वहिनी, नाव लागलं असतं." बाई म्हणाल्या, "देवाला माजं नाव पाठ हाय. तुमाला विसर पडत असंल तर तेवढ्यापुरतं कोरा."

ह्या बाईंची आणि माझी गाठ पडली ती माझ्या मुलीच्या लग्नामुळं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पूर्णा गावापासून खाडीकडं गोदामांची लांबच लांब पत्र्याची छपरं पसरत चालली होती. काल भातलावणी करणारा माणूस आज पांढरे बूट घालून मोबाइलवर बोलत हिंडायचा. आम्ही भिवंडी शहरातले. आमचे हे पॉवरलूममध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, म्हणून लागले आणि पुढं भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे चार लूम टाकून बसले, म्हणजे माझ्या दृष्टीनं आम्ही कारखानदार. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, केसांना कलप लावणारी, आणि 'लोक काय म्हणतील' ह्या एकाच विषयात पारंगत असलेली बाई होते. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. अंजूरचं स्थळ आलं, मुलगा गोदामात सुपरवायझर, घरची जमीन विकून आलेला पैसा, हे ऐकून मी मनातल्या मनात हॉल, बँड आणि चार प्रकारचं आइस्क्रीम ठरवून टाकलं.

मुलगी बघायला विहीणबाई आल्या. मुलीला एकच प्रश्न विचारला, "पोहता येतं काय?" ती नाही म्हणाली. "शिकशील," म्हणाल्या आणि उठून थेट आमच्या शेडमध्ये गेल्या. लूमच्या खडखडाटात आमच्या कारागिराच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "भैया, इधर पंखा किधर हाय?" त्यानं वर छताकडं बोट दाखवलं. तिथं पंख्याचा नुसता हूक होता. परत आल्यावर पोह्यांची बशी हातात धरून त्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "पोरीच्या अंगावर दोन तोलं कमी घाला, आन् शेडमंदी पंखं लावा. माजी सून येनार ती गरमीतल्या पैशाची नको." माझे हे मान खाली घालून पोहे चिवडत बसले. पुढच्या आठवड्यात पंखे लागले. मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. आमच्या कारागिरानं मात्र पाचव्या दिवशी मला पहिल्यांदा 'सलाम भाभी' केला. मी तोही स्वीकारला नाही, इतकी मी मानी!

आता खरी गोष्ट. अंजूरच्या खाडीकडेला एक मातीचा बांध आहे. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून कुणा जुन्या पिढीनं घातलेला. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस जाऊन त्याची डागडुजी करायचा. पण शेतं विकली गेली तशी माणसं बांधावर जायची थांबली. ज्याचं भातच नाही तो चिखलात कशाला उतरेल? लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात उधाणाच्या पाण्यानं बांधाला भगदाड पाडलं. बांधाआड तेव्हा फक्त चार घरांची शेती उरली होती. विहीणबाईंची त्यात एक गुंठाही जमीन नव्हती. त्यांचं रान रस्त्याकडेला होतं, ते कधीच गोदामाखाली गेलं होतं. एक दलाल त्या चार घरांच्या दारात रोज चकरा मारत होता. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल. तो कुणावर जबरदस्ती करत नव्हता, फक्त हसून म्हणायचा, "घाई नाय काका. आणखी एक पावसाला जाऊ दे." खारं पाणी एकदा शेतात मुरलं की भात होत नाही, आणि भात होत नाही अशी जमीन कवडीमोलानं हातात येते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्या चौघांनाही.

लग्नाची बोलणी करायला आम्ही अंजूरला गेलो, तर बाईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "हॉल न्हाय, बँड न्हाय. लग्नाचा पैसा बांधाला गेला."

मला वाटलं, बांध हे कुणा नातेवाइकाचं आडनाव असावं, इतकं माझं शेतीचं ज्ञान. हळूहळू उलगडा झाला. बाईंनी मुलाच्या लग्नासाठी ठेवलेला सगळा पैसा काढून माणसं लावली होती, दगड आणला होता, पेंढा आणला होता, आणि महिनाभर भगदाड बुजवणं चाललं होतं. त्यांचे धाकटे दीर तिथंच ओट्यावर बसले होते. ते कळवळून म्हणाले, "वहिनी, आपली जमीन हाय काय त्यात? मंग आपला काय संबंध?" बाई भाकरी थापत होत्या. थापणं न थांबवता म्हणाल्या, "ह्या घरात लगीन होऊन आले तवा कोनचा भात खाल्ला? त्याच बांधाआडचा. आपली जमीन इकली, तिचा पैसा झाला. जमिनीचा पैसा जमिनीलाच लागंल. नाचायला लागनार न्हाय."

"पण लोक काय म्हणतील?" हे मी बोलले. माझा खास विषय.

"काय म्हनतील ते बांधावर येऊन म्हना म्हनावं. येताना घमेलं घेऊन या."

घरी येऊन मी अंबाडी गावातल्या माझ्या बहिणीला फोन करून तासभर रडले आणि मग मुलीसमोर जाहीर केलं की हे लग्न मोडलं. मुलगी केस विंचरत होती. म्हणाली, "मोडू नकोस आई. मुलगा ठीकच आहे, पण सासू मला पसंत आहे." आमच्या काळी मुली नवरा बघून सासूकडं दुर्लक्ष करायच्या. हिनं उलटंच केलं.

मुहूर्ताचंही भांडण झालं. भटजींनी काढलेला मुहूर्त पौर्णिमेजवळ येत होता. बाईंनी तो फेटाळला, कारण पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी जोरात चढतं, अष्टमीच्या सुमाराला मंद असतं. "अष्टमीला हलद, नवमीला लगीन," त्यांनी ठरवून टाकलं. भटजी म्हणाले, "अहो, ग्रह बघावे लागतात." "तुमी ग्रह बघा, मी पानी बघते. ग्रहांना चिखल लागत न्हाय." भटजींनी चष्मा पुसून पुन्हा पंचांग पाहिलं, आणि अष्टमी-नवमीत त्यांना अचानक बरंच काही शुभ दिसू लागलं.

आमच्या भागातली हळद म्हणजे काय असते ते बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. लग्न एक वेळ साधं चालेल, पण हळद दणक्यात हवी. अख्खं गाव जेवतं, मटणाच्या कढया उकळतात, डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि आहेराच्या साड्यांचे ढीग लागतात. ह्या साड्या कुणी नेसत नाही. त्या ह्या हळदीतून त्या हळदीत फिरत राहतात. बाईंनी निरोप धाडला होता, "आहेर एकच घेनार. माती. बांधावर. मंग जेवन." मला वाटलं, गंमत असेल. म्हणून मी जांभळी रेशमी साडी नेसून, बांगड्यांनी हात भरून, मुलीसाठी उष्टी हळद न्यायला दुपार टळताना अंजूरला पोचले. पाहते तर मांडवात चिटपाखरू नाही आणि बांधावर जत्रा. भगदाडाचा शेवटचा भाग, पाणी सोडायच्या लाकडी दाराजवळचा, तेवढा उघडा राहिला होता, कारण पैसा संपला होता. तिथं बँजोवाले बांधावर उभे राहून वाजवत होते. म्हाताऱ्या धवलारीणबाई, ज्या आमच्याकडं लग्नाची गाणी म्हणतात, त्या छत्री धरून खुर्चीवर बसून गात होत्या. आणि खाली माणसांची रांग, घमेली हातोहात पुढं सरकवत. हळदीचा नवरा मुलगा, माझा होणारा जावई, हाफ पँटमध्ये कमरेएवढ्या चिखलात. त्याला वेगळी हळद लावायची गरजच उरली नव्हती.

विहीणबाईंनी मला पाहिलं. "या विहीणबाय! उशीर केला."

"मी वरातीच्या साडीत आहे," मी ताठ मानेनं म्हटलं.

"छान हाय साडी. वर खोचा."

मी जागची हलले नाही. तेवढ्यात तो दलाल आला. आमंत्रण गावाला होतं, म्हणजे त्यालाही होतं. पांढरा शर्ट, पांढरे बूट, हातात नोटांचं जाड पाकीट. सगळ्यांदेखत त्यानं ते पुढं केलं, "मावशी, हा आमचा आहेर." बँजो थांबला. बाईंनी पाकिटाकडं पाहिलंच नाही. रिकामं घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं. "तुजा आहेर ह्यातून घेनार. पैसा नको, माती घाल. तुज्या हातानं."

सगळा गाव त्याच्याकडं बघत होता. ती चार घरंही बघत होती. नाही म्हणावं तर उद्या कुणाच्या ओट्यावर बसणार? त्यानं दोन्ही मोबाइल खिशात टाकले, बूट काढून बाजूला ठेवले आणि घमेलं भरायला वाकला. ज्या भोकाच्या भरवशावर तो वर्षभर बसला होता, त्यात त्यानं स्वतः माती टाकली. बँजोवाल्यांनी असा काही ठेका धरला म्हणता! धवलारीणबाईंनी तिथल्या तिथं त्याच्या नावानं एक कडवं रचून म्हटलं. ते मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतात. मी हसता हसता कधी रांगेत शिरले ते मला कळलंच नाही. एका घमेल्यानंतर साडी घोट्यापर्यंत काळी झाली, आणि पुढं पुढं तिचा मूळ रंग कोणता ह्यावर मतभेद होऊ लागले. सूर्य खाली जाता जाता भोक बुजलं, आणि मग आम्ही सगळे चिखलाचे पुतळे मांडीला मांडी लावून मटण-भाकरी जेवलो.

नवमीला लग्न लागलं. पण बांध टिकतो की नाही हे ठरणार होतं त्यानंतरच्या अमावास्येला, उधाणाच्या पाण्यात. ताजी माती, वाळायला जेमतेम आठवडा. अमावास्येला लेकीच्या सासरी कुणी जात नाही, मी गेले. कशाला गेले ते सांगते. साडीचा राग गेला नव्हता, आणि मनात एक सैतान म्हणत होता, फुटू दे एकदाचा, मग बघू ह्या बाई काय म्हणतात ते. भर दुपारी आम्ही दोघी, माझी लेक आणि त्या चार घरांची माणसं बांधावर उभी. पाणी चढत होतं. दगडाच्या वर आलं, पेंढ्याच्या वर आलं. नव्या मातीतून एक बारीक धार आतल्या बाजूला झिरपू लागली. चौघांतला एक म्हातारा मटकन खाली बसला. विहीणबाई नमस्कार-बिमस्कार काही करत नव्हत्या. त्या खाडीवर खेकसल्या, "यवरं आलीस तेवरं बास! पुढं आमचं हाय!" आणि धोतराच्या जुन्या चिंध्या, पेंढा, जे हाताला लागेल ते त्या धारेवर दाबत सुटल्या. मी काय केलं? अहो, मी चपला भिरकावल्या आणि त्या धारेवर पाय रोवून उभी राहिले. शेजारी माझी लेक, तिच्या शेजारी तिची सासू. मघाचा तो सैतान कुठं गेला कुणास ठाऊक. पाणी काठाशी हिंदकळत राहिलं, घटकाभर तसंच, आणि मग ओल्या मातीवर एक काळी रेघ ठेवून खाली उतरू लागलं. म्हाताऱ्यानं ती रेघ बोटानं चाचपली. विहीणबाई माझ्या पायांकडं बघून म्हणाल्या, "वजनदार विहीण मिलाली. बरं झालं."

त्या वर्षी चारही घरांत भात पिकला. पुढंही कितीतरी वर्षं पिकला. अंजूरला मग कुणी हॉल घ्यायला निघालं, की बायका विहीणबाईंच्या नावानं नाक मुरडत आणि उन्हाळ्यात गुपचूप एखादं घमेलं बांधावर टाकून येत. अर्थात जग काही घमेल्यांनी थांबत नाही. चार घरांतली मुलं शिकली, शहरात गेली, आणि एकेक करून तीही शेतं गोदामांना गेली. शेवटचं शेत त्या म्हाताऱ्याचं. सौदा करून तो विहीणबाईंकडं आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला, आत येईना. मी तिथंच होते. मला वाटलं, आता होणार कडाक्याचं भांडण. बाई म्हणाल्या, "आत ये रे. भाव कोनी ठरवला?"

"मी ठरवला, वहिनी. माज्या मनासारखा."

"मंग झालं तर. तू दिलीस. खाडीनं न्हाय घेतली." आणि सुनेला त्यांनी चहा टाकायला सांगितला. त्या चहाच्या खर्चावरून मात्र त्या कुणाशीच भांडल्या नाहीत.

आता त्या नाहीत. मी अजून लेकीकडं जाते, आणि गुडघे परवानगी देतात त्या दिवशी बांधापर्यंत चालत जाते. आतल्या बाजूला ओळीनं गोदामं, त्यांच्या दारात कोरडे ठणठणीत ट्रक. दुपारी भरती येते, बांधाला येऊन टेकते, थोडी घुटमळते आणि परत फिरते. गोदामातली पोरं डबा खायला तिथं बसतात. परवा त्यांतल्या एकाला मी विचारलं, "काय रे, पाणी ह्याच्या पुढं का येत नाही?" तो घास गिळून म्हणाला, "आजी, खाडी इथपर्यंतच आहे ना."